नवरा काढून टाकावा

...आणि वर टाळ्या! म्हणजे टाळ्यांना माझी ना नाही, तुम्हाला सांगतो, सभागृहात बसलं की माणसाने टाळ्या वाजवाव्यात, निदान झोप तरी उडते... पण कशाला वाजवायच्या याला काही धरबंध? एक बाई स्टेजवर उभी राहून सांगते की मी माझ्या गोष्टीतून नवरा काढून टाकला, आणि हे लोक, चांगले शिकले-सवरलेले, नावामागे डॉक्टर लावणारे लोक, उठून उभे राहतात आणि टाळ्या वाजवतात! मागच्या रांगेतून शिट्टी आली! आणि तो काढून टाकलेला नवरा कुठे बसलाय? पहिल्या रांगेत. मधोमध. नवा कोट घालून. मी!

हसा. हसा हो, तुमचं काय जातंय! पण मला एवढंच सांगा, आता यात माझं काय चुकलं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर नेहमीसारखा मधूनच सुरू झाला. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. मुलं माझ्या पाठीमागे मला 'सरासरी' म्हणतात. 'सरासरी आला का रे वर्गात?' 'आला, पण आज सरासरीपेक्षा जास्त चिडलाय.' मला सगळं ऐकू येतं. आणि आमची ही त्याच विद्यापीठात, परीक्षा विभागात अधीक्षक. म्हणजे दिवसभर ती मला खिडकीतून 'प्राध्यापक महोदय, आपल्या उत्तरपत्रिका अद्याप प्राप्त झाल्या नाहीत' असं म्हणते, आणि घरी आल्यावर 'अहो, कचरा टाकलात का' असं म्हणते. खिडकीतली जास्त प्रेमळ वाटते, खरं सांगायचं तर.

तर झालं असं, की आमचे कुलगुरू कुठल्याशा परिषदेला गेले. कुलगुरू परिषदेला निघाले की आम्ही रजेचे अर्ज शोधायला लागतो, कारण हा माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, कल्पना घेऊन येतो! मागच्या खेपेला आले ते म्हणाले, प्रत्येक विभागाचे दरवाजे वेगळ्या रंगाचे करा, मुलांना सोपं जाईल. केले. सगळे दरवाजे एकाच दिवशी रंगवले, आणि दुपारपर्यंत अर्धं विद्यापीठ दरवाजांना चिकटलं होतं. या खेपेला आले आणि म्हणाले, 'विद्यापीठ म्हणजे इमारती नव्हेत. विद्यापीठ म्हणजे माणसं!' हे त्यांना बरोब्बर त्याच आठवड्यात सुचलं ज्या आठवड्यात आमच्या जिन्याचं छत खाली आलं. असो. तर म्हणे विद्यापीठातल्या प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. शिपायाने, प्राध्यापकाने, माळ्याने, विद्यार्थ्याने, कुणीही. निवडक गोष्टी सभागृहात ऐकवायच्या, आणि मग त्यांचं पुस्तक काढायचं.

आता साध्या माणसांनी काय केलं असतं? चार खुर्च्या मांडल्या असत्या, चहा ठेवला असता, म्हटलं असतं, हं, बोला. पण आम्ही विद्यापीठ ना! आम्ही समिती नेमली. समितीच्या अध्यक्ष तत्त्वज्ञानाच्या बाई, ज्यांना साधं 'हो' म्हणायला पाऊण तास लागतो, कारण आधी 'हो म्हणजे नेमकं काय' हे ठरवावं लागतं. त्या म्हणाल्या, 'गोष्टी येतील, परंतु त्यांचा दर्जा?' सगळे गंभीर. दर्जा! खरंच की! मग कुणीतरी म्हणालं, शोधनिबंधांचं करतो तसं परीक्षण करू. गोष्टीवरचं नाव-गाव पुसायचं, दोन परीक्षकांकडे गुपचूप पाठवायची. परीक्षकाला लेखक माहीत नाही, लेखकाला परीक्षक माहीत नाही. परीक्षक शेरे मारणार, लेखक दुरुस्त्या करणार, मगच ती गोष्ट स्टेजवर. म्हणजे माणसाच्या आयुष्याला दुरुस्त्या! आणि तुम्हाला सांगतो, ती खोली माणसांनी भरली होती आणि एकालाही हसू आलं नाही. मलासुद्धा नाही. मी तर अनुमोदन दिलं.

आणि मग जे काही आलं म्हणता! अर्थशास्त्राच्या माणसाने आपलं बालपण लिहिलं, त्यात आलेख. आडवं वय, उभा आनंद, आणि धाकटा भाऊ जन्मला तिथे आलेख खाली पडलेला. वनस्पतीवाल्या म्हातारबुवांनी आईवर लिहिलं, पान भरून, आणि शेवटी दोन पानं संदर्भसूची. अहो, आईला संदर्भ! फाटकावरच्या रखवालदाराने लिहिलं, की पहिल्या दिवशी रडत रडत आत गेलेली एक मुलगी परवा प्राध्यापक होऊन त्याच फाटकातून आत आली, आणि गाडीची काच खाली करून म्हणाली, 'काका, ओळखलंत का?' छान ना? त्यावर शेरा काय आला? 'एकाच मुलीवरून निष्कर्ष काढता येणार नाही. नमुना वाढवावा.' रखवालदार आठवडाभर फाटकावर प्रत्येक मुलीला विचारत होता, बाई, तू पहिल्या दिवशी रडली होतीस का? तो शेरा माझा. पण शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता की नाही? मग! आता यात माझं काय चुकलं?

माझी स्वतःची गोष्ट विचाराल तर मीही दिली होती. 'मी जन्मलो. शिकलो. लग्न झालं. मुलगी झाली. मुलगी नोकरीसाठी दूर गेली. मी शिकवतो.' सुटसुटीत. एक शब्द इकडेतिकडे नाही. दोन्ही परीक्षकांकडून परत आली. पहिल्याने लिहिलं होतं, 'मग?' दुसऱ्यानेही लिहिलं होतं, 'मग?' एकमेकांना न विचारता! संख्याशास्त्रात असं फार क्वचित घडतं. त्या दोघांतला एक आमच्या शेजारच्या घरातला रसायनवाला होता, याची मला शंभर टक्के खात्री आहे, कारण दुसऱ्या दिवशी मी जिन्यात त्याला म्हटलं, 'काल जरा सर्दी झालीये,' तर हा म्हणतो, 'मग?'

तर अशा मनःस्थितीत माझ्याकडे एक गोष्ट परीक्षणाला आली. आता नीट ऐका, कारण इथेच सगळं आहे. रविवारची सकाळ. मी जेवणाच्या टेबलापाशी लाल पेन घेऊन बसलोय, समोर ही वाटाणे सोलतेय. मागे गॅलरीत कपडे वाळतायत. आणि गोष्ट कुणा बाईची. नाव पुसलेलं. विभाग पुसून 'एक कार्यालय' केलेलं. मुलीचं नाव पुसून 'अपत्य' केलेलं. आणि नवऱ्याच्या जागी कंसात 'पती, शिक्षकी पेशा'. आता आमच्या विद्यापीठात दगड मारला तर शिक्षकी पेशाच्या पतीला लागतो! मी कसा ओळखणार?

मी वाचायला लागलो, आणि काय सांगू, मला राहवेचना. म्हटलं, 'अगं ऐक, काय गंमत आहे. ही बाई पाण्याला भिणारी. आणि पन्नाशीला आल्यावर ही रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आपल्या विद्यापीठाच्या तलावात पोहायला शिकायला जाते. पहिल्या वर्षाच्या पोरींबरोबर! आणि हिच्या नवऱ्याला पत्ता नाही!'

ती म्हणाली, 'अस्सं?'

'अगं, रोज संध्याकाळी दोरीवर ओला टॉवेल! आणि हा शहाणा एकदासुद्धा विचारत नाही, टॉवेल ओला कसा?'

ती म्हणाली, 'नसेल दिसला.'

'न दिसायला काय झालं! टॉवेल केवढा असतो!' आणि हे म्हणताना, तुम्हाला सांगतो, दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने उडून सारखा माझ्या कानाला लागत होता, गार गार, म्हणून मी खुर्ची जरा पुढे सरकवून घेतली.

पुढे वाचतोय. 'हे बघ, हे तर हद्द आहे. ज्या दिवशी ती बाई पहिल्यांदा खोल पाण्यातून या टोकापासून त्या टोकाला जाते, त्या दिवशी ती घरी केक आणते. नवऱ्यापुढे ठेवते. तो विचारतो, कुणाचा वाढदिवस? ती म्हणते, कुणाचा नाही, सहज. आणि तो म्हणतो, बरं! आणि दुसरा तुकडा घेतो!'

'दुसरा?' आमची ही.

'दुसरा!'

'तीन घेतले असतील.'

'नाही, इथे दोन लिहिलेत.'

'मग लिहिणारीला दया आली असेल,' ती म्हणाली आणि शेंग मोडली. टच्चकन.

मी हसतोय! मी टेबलावर हात आपटून हसतोय! म्हटलं, 'असा नवरा असूच शकत नाही. बाईने रंगवून लिहिलंय. इतका ठोंब्या माणूस नोकरीवर राहीलच कसा!' तर ही वाटाण्यांची ताटली बाजूला ठेवून अगदी शांतपणे विचारते, 'अहो, मग काय करावं म्हणता त्या नवऱ्याचं?'

मी म्हटलं, 'करायचं काय? काढून टाकावा! तो गोष्टीत काही करतच नाही. बसतो, खातो, बरं म्हणतो. काढला तरी कुणाला कळणारसुद्धा नाही.'

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, माझ्या परीक्षणावर खूश झाली. मग म्हणाली, 'लिहा तसंच. शब्द न् शब्द तसाच लिहा.' मी लिहिला. अजून पाठ आहे: 'पतीचे पात्र अविश्वसनीय. प्रत्यक्षात असा माणूस असू शकत नाही. काढून टाकावा. गोष्टीला काहीही फरक पडणार नाही.' खाली सही नाही, नुसतं, परीक्षक क्रमांक दोन.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं नाकासमोर असून... पण अहो, परीक्षकाने लेखक कोण हे ओळखायचा प्रयत्न करायचा नसतो, असा नियमच आहे! मी नियम पाळला! आता यात माझं काय चुकलं?

बरं, मी अगदीच प्रयत्न केला नाही असंही नाही. केला थोडा. आणि माझी खात्री झाली की ही रसायनवाल्याचीच बायको. तोच ठोंब्या. त्याच्या घरी जा, चहा समोर ठेवला तर कपाकडे बघत बसतो, रंग बदलतोय का म्हणून. मला त्याची कीव आली. 'मग?' लिहिलं असलं तरी शेजारी तो शेजारी. मी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, 'मित्रा, जरा घरात लक्ष देत जा. दोरीवर काय वाळत घातलंय ते बघत जा. टॉवेल ओला आहे का, का ओला आहे, विचारत जा. बायका सांगत नाहीत रे, आपण विचारावं लागतं.' तो पांढराफटक पडला. म्हणाला, 'तुला काही कळलंय का?' मी म्हटलं, 'मी काही बोलू शकत नाही. गोपनीय आहे.'

झालं! त्या दिवसापासून हा पठ्ठ्या घरी गेला की आधी दोरीपाशी. प्रत्येक टॉवेल चाचपून बघतो, वास घेतो, आणि बायकोसमोर उभा राहून म्हणतो, 'तुला मला काही सांगायचंय का?' ती बिचारी घाबरून आमच्या हिच्याकडे. म्हणते, 'अहो, यांना डॉक्टरला दाखवू का? हल्ली टॉवेलांशी काहीतरी करतात.' आणि आमची ही, इतकी हसली, इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. मी विचारलं, 'एवढं काय झालं?' तर म्हणते, 'काखेत कळसा आणि गावाला वळसा.' मी म्हटलं, 'अगदी बरोबर! त्या रसायनवाल्याला हेच सांगितलं मी!'

हं. मग तो कार्यक्रमाचा दिवस. सकाळी ही म्हणते, 'आज सभागृहात या. मी बोलणार आहे.' मी म्हटलं, 'तू? कशावर?' म्हणाली, 'माझ्यावर.' आता तिच्यावर म्हणजे काय, तुम्हीच सांगा! सव्वीस वर्षांचा संसार आहे, तिच्यावर म्हणजे अर्धा तरी माझ्यावर येणारच की नाही? सरळ हिशेब आहे! मी नवा कोट काढला. आरशासमोर उभं राहून सरावही केला... टाळ्या पडल्या की एकदम उठायचं नाही, अर्धवट उठायचं, मागे वळायचं, मान हलवायची, 'छे छे, माझं कसलं, तिचंच सगळं' अशा चेहऱ्याने खाली बसायचं. रसायनवाल्यालाही बोलावून शेजारी बसवला. म्हटलं, शिक काहीतरी.

ही स्टेजवर आली. मला वाटलं कागद काढेल. नाही. दोन्ही हात मोकळे, सरळ माइकपाशी. म्हणाली, 'मला पाण्याची भीती वाटते.' मी रसायनवाल्याला कोपर मारलं, म्हटलं, खरं आहे, पुलावरून जाताना माझी बाही घट्ट धरते. ती सांगत होती, लहानपणी नावेतून उतरताना फळीवरून पाय घसरला, गटांगळ्या खाल्ल्या, कुणीतरी केसाला धरून वर ओढलं. हेही मला ठाऊक होतं. मग म्हणाली, 'आमच्या कार्यालयाच्या भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव आहे. कपाटं बंद करताना मला रोज पलीकडून मुलींचं हसणं आणि पाण्याचा आवाज ऐकू यायचा. वर्षानुवर्षं ऐकला. एका दुपारी डबा उघडला नाही, तशीच उठले आणि पलीकडे गेले.'

आणि मी सटपटलो! म्हटलं, अरे, ही गोष्ट तर मी वाचलीये! आणि माणसाची बुद्धी बघा, प्राध्यापकी डोकं काय असतं बघा, माझ्या मनात पहिला विचार काय आला? हिने चोरली! बायकोने दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट उचलली! वाङ्मयचौर्य, आणि तेही माझ्या घरात! मी रसायनवाल्याच्या कानात म्हटलं, 'ही गोष्ट हिची नाही रे. मूळ बाई वेगळी आहे, मला माहिती आहे, मी तपासलीये.' तो म्हणाला, 'कोण बाई?' आता तुझीच, असं कसं सांगणार!

ती पुढे सांगत होती. पहिले काही आठवडे नुसती दांडी धरून उभी राहायची. पोरी म्हणायच्या, 'काकू, सोडा ना, आम्ही आहोत.' मग पाय सुटले. मग हात सुटले. मग ते खोल पाणी. ती म्हणाली, 'खाली बघितलं तर फरशी दिसत होती, पण पाय पोचत नव्हते. वाटलं, परत फिरावं. पण परत फिरायलाही पोहावंच लागणार होतं. मग म्हटलं, पुढेच जाऊ.' मी खुर्चीचा हात समजून रसायनवाल्याचा हात धरला होता, ते मला नंतर कळलं. मग ती म्हणाली, 'त्या दिवशी घरी जाताना मी केक घेतला. वर अक्रोड होते.'

अक्रोड.

आणि तुम्हाला सांगतो, अक्रोड ऐकले आणि माझ्या जिभेवर तो केक आला. खरंच तीन तुकडे खाल्ले होते मी! आणि मग सगळंच आलं... तो कानाला लागणारा गार टॉवेल, तो घरात येणारा औषधी वास, ज्यावर मी म्हटलं होतं 'आज टाकी धुतली वाटतं', ती संध्याकाळी अलीकडे गुणगुणत घरात शिरते ते... आणि मला सांगायला लाज नाही, मला रडू फुटलं. अहो, माझी बाही धरून पूल ओलांडणारी बाई तिकडे एकटी खोल पाण्यात होती, आणि मी? भिंतीपलीकडच्याच इमारतीत डबा खाऊन टेबलावर डोकं ठेवून डुलकी काढत होतो. तिला काही झालं असतं तर! आणि काही झालं नाही, ती पलीकडच्या टोकाला पोचली, तर त्या आनंदात मी नव्हतो... म्हणजे होतो, पण खात होतो.

आणि नेमकं तेव्हा ही माइकपाशी झुकून म्हणते, 'खरं तर आधी माझ्या गोष्टीत माझे पतीसुद्धा होते. पण परीक्षक क्रमांक दोन यांनी लिहिलं, नवरा काढून टाकावा, गोष्टीला काहीही फरक पडणार नाही. म्हटलं, विद्वान माणूस आहे, ऐकून बघू. काढून बघितलं.' थेट माझ्याकडे बघितलं. 'खरंच, काही फरक पडला नाही.'

त्या टाळ्या! त्याच त्या टाळ्या, ज्या मी मघाशी सांगितल्या! कुलगुरू उभे, तत्त्वज्ञानाच्या बाई उभ्या, रखवालदार तर बाकावर चढलेला! आणि मी सरावाप्रमाणे अर्धवट उठलो होतो, तो तसाच अर्धवट राहिलो, ना वर ना खाली. रसायनवाला हळूहळू वळला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि एकच शब्द म्हणाला, 'टॉवेल?'

घरी आल्यावर म्हटलं, 'मला सांगायचं नाहीस का?' ती म्हणाली, 'तुम्ही विचारायचं नाहीत का?' मी म्हटलं, 'अगं, पण रविवारी समोर बसून मी वाचत होतो, तेव्हा तरी...' तर ती म्हणाली, आणि या वेळी हसत नव्हती बरं का, म्हणाली, 'मी वाट बघत होते हो. वाटलं, टॉवेलला ओळखाल. नाहीतर केकला तरी. केकला तुम्ही नक्की ओळखाल असं वाटलं होतं मला.'

यावर काय बोलणार? नाही, तुम्ही बोला ना!

पण पुस्तक निघायचं होतं अजून! पुस्तकात तरी मला परत घ्या म्हणून मी तत्त्वज्ञानाच्या बाईंकडे गेलो. म्हटलं, 'बाई, तो नवरा पुन्हा घाला.' त्या म्हणाल्या, 'परंतु परीक्षकांचं मत असं की असा माणूस अस्तित्वात असूच शकत नाही.' मी म्हटलं, 'बाई, मी आहे!' म्हणाल्या, 'हा आपला दावा झाला.' 'अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!' 'उभं असणं आणि असणं यात...' मी म्हटलं, 'राहू द्या! तो परीक्षक दोन मीच आहे, मी माझं मत मागे घेतो!' तर त्या चष्मा काढून म्हणाल्या, 'म्हणजे आपण अस्तित्वात नाही, असं आपणच लिहून दिलंय. आता यात समिती काय करणार?' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! शेवटी म्हणाल्या, 'लेखिकेची इच्छा असेल तरच.'

लेखिकेला विचारलं. लेखिका इस्त्री करत होती. म्हणाली, 'घेऊ की. पण त्या नवऱ्याने गोष्टीत काहीतरी केलं पाहिजे. बसतो, खातो, बरं म्हणतो, एवढ्यावर कुणी गोष्टीत घेत नाही. हे तुमचंच आहे.' माझंच होतं!

म्हणून... आता हसू नका... म्हणून हल्ली मी दुपारी तलावावर जातो. माझ्याच वर्गातली पोरं माझ्या आजूबाजूला बेडकासारखी उड्या मारतात आणि म्हणतात, 'सर, दांडी सोडा ना, पाणी कमरेइतकंच आहे.' मी म्हणतो, 'कमरेइतकं हे सरासरी झालं, प्रत्यक्षात कुठेही किती असेल सांगता येत नाही!' कारण मला कळलं काय माहितीये? मलाही पाण्याची भीती वाटते. जन्मात कधी कळलं नव्हतं! पुलावर मी छाती काढून चालायचो, ते तिने बाही धरलेली असायची म्हणून. आणि ती पलीकडे, खोल पाण्यात, अशी जाते, अशी येते, पाण्याचा आवाजसुद्धा होत नाही... मी दांडी धरून बघत बसतो. सुंदर पोहते हो. एवढी सुंदर पोहते, कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

परवा ती कडेला आली, केसांतलं पाणी निपटलं, मी म्हटलं, 'आता तरी? बघ, पाण्यात आलोय, केलं की नाही काहीतरी?' तिने विचार केला. म्हणाली, 'घेते.' मी म्हटलं, 'कुठे? सुरुवातीला? केकपाशी?' म्हणाली, 'तळटीपेत.'

तळटीप! पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, जी लिहिणाऱ्याशिवाय कुणी वाचत नाही! आणि काय लिहिलंय त्यात? एवढंच: 'लेखिकेचे पती. सध्या उथळ पाण्यात.'

मी लाल पेन घेऊन बसलो. परीक्षकाच्या नजरेने एकदा वाचलं, दोनदा वाचलं, कुठे काही सापडतंय का बघितलं. नाही सापडलं हो, सगळं खरं आहे. मुकाट्याने कागद घेऊन छापखान्यात गेलो आणि तिथल्या माणसाला हात जोडून म्हटलं, बाबा रे, बाकी काहीही गाळ, पण तो 'सध्या' तेवढा सांडू नकोस.